मी बुजवलेल्या पायऱ्या

नोकरीत असताना लोक मला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'नारूवाला'. दुसरे नाव जास्त खरे होते. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षे झाली असतील, तेव्हा मी आरोग्य खात्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून लागलो. जळगाव जिल्ह्याला त्या वेळी पूर्व खानदेश म्हणत. एक सायकल, ब्लिचिंग पावडरचा डबा आणि गुडघ्यापर्यंतची खाकी विजार एवढ्या भांडवलावर मी एरंडोल तालुक्यातली खेडी पालथी घातली. देवी टोचल्या, मोऱ्या तपासल्या, हॉटेलवाल्यांच्या कपबशा फोडल्या. यातले काही कोणाच्या लक्षात नाही. पण विहिरींच्या पायऱ्या मी बुजवल्या, हे लोकांना अजून आठवते. मलाही आठवते.

नारू म्हणजे काय, हे आता सांगावेच लागते, कारण तो गेला. आणि तो जाण्यात माझाही खारीचा वाटा आहे, एवढा अभिमान मी या वयात बाळगला तर रागावू नये. सुतळीसारखा एक लांबच लांब किडा माणसाच्या पायातून बाहेर येई. आधी फोड, मग जखम, मग त्या जखमेतून पांढरे टोक. ते ओढून तुटले तर पाय सडायचा. म्हणून काडीला गुंडाळून रोज दोन बोटे, रोज दोन बोटे असे महिनाभर काढायचे. ऐन वेचणीच्या दिवसांत घरातली कर्ती बाई खाटेवर पाय पसरून आणि कपाशी शेतात उघडी, हे चित्र मी घरोघर पाहिले आहे.

आता हा किडा येई कुठून? तर पिण्याच्या पाण्यातून. आमच्याकडे जुन्या विहिरी पायविहिरी. वरपासून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. बायका खाली उतरत, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून हंडा बुडवत. एखादीच्या पायाला नारू असला की त्याची पिल्ले तिथेच पाण्यात पडत, तेच पाणी गाव पिई, आणि वर्षभराने आणखी दहा घरांत काड्या गुंडाळणे सुरू. उपाय एकच होता. माणसाचा पाय पिण्याच्या पाण्याला लागू द्यायचा नाही. म्हणजे पायऱ्या भिंत घालून बुजवायच्या, वर छातीएवढा कठडा बांधायचा, कप्पी बसवायची आणि दोराने पाणी शेंदायचे. सोपे काम. माझ्या हातून अशा अकरा विहिरी झाल्या.

मी मूळचा धुळ्याचा, देवपुरातला. घरापासून पांझरा नदी हाकेच्या अंतरावर, तरी मला पोहता येत नव्हते आणि आजही येत नाही. आमच्या आळीत कोणालाच येत नसे. "पाण्याशी खेळू नये" एवढेच आम्हाला शिकवले होते, आणि आम्ही शहाणी मुले खेळलो नाही. शहरातला माणूस पाण्याला भितो आणि त्या भीतीवरच जगतो. वर्षातून एखादा दिवस तो भीती विसरतो, सहलीला जातो, आणि नेमका त्याच दिवशी बुडतो.

जळगावात मेहरूणच्या तलावावर मी हे डोळ्यांनी पाहिले. गणपतीचे विसर्जन होते आणि माझी तिथे ड्यूटी होती. कापडाच्या दुकानातला एक चांगला धट्टाकट्टा माणूस मूर्ती घेऊन पाण्यात दोन पावले जास्त गेला आणि दिसेनासा झाला. काठावर शेकडो माणसे. सगळी एकमेकांना सांगत होती, "अहो, कोणीतरी उडी मारा!" मीही तेच ओरडत होतो, आणि मी तर सरकारी माणूस. तेवढ्यात यावलकडची एक पन्नाशीची बाई, लेकीकडे सणाला आलेली, हातातली पिशवी माझ्या हातात देऊन, नऊवारीचा काचा मारून सरळ पाण्यात शिरली. त्याला केसांना धरून तिने काठावर आणून टाकले. तो ओकत होता आणि ही त्याच्यावर ओरडत होती, "एवढा बाप्या माणूस, अन् पोहता येत नाही? मंग पान्यात कायले गेला रे?" नंतर माझ्याकडून पिशवी घेतली, आतली केळी मोजावीत तशी माझ्याकडे संशयाने पाहून चाचपली, आणि ओल्या लुगड्यानिशी निघून गेली.

त्या बाईला पोहणे कोणी शिकवले असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. यायला हवा होता. खेड्यात पोहण्याची शाळा म्हणजे तीच ती पायविहीर होती.

ज्या गावाबद्दल लिहायचे आहे त्याचे नाव लिहीत नाही. एरंडोलहून सायकलने दीड तास. तिथल्या विहिरीवर भिका आबा नावाचे म्हातारे पोहायला शिकवत. पोरापोरींच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, खालच्या पायरीवरून ढकलून द्यायचे आणि स्वतः बिडी ओढत बसायचे, अशी त्यांची पद्धत. दमलेले पोर आपोआप पायरीला हात लावी. त्या गावात तीन वर्षांपुढचे माणूस बुडून मेल्याचे कोणाला आठवत नव्हते. बायका तर हंडा घेता घेता घसरून सर्रास पडत आणि हसत ओल्याचिंब वर येत. मग आठवडाभर थट्टा. कोणी पाण्यात पडले म्हणून कोणी धावत नसे. पोहणाऱ्या माणसामागे धावणे म्हणजे त्याचा अपमान, अशी रीतच होती म्हणा ना.

तिथे मला पहिला आधार मिळाला तो यमुनाबाईचा. पंचविशीची सून, दोन वर्षे ओळीने नारूने खाटेवर काढलेली. दुसऱ्या खेपेला तिच्या पायातला नारू मीच काडीवर घेतला. पंधरा-सोळा दिवस मी आडवाटेने सायकल मारत जाई आणि तिची सासू जनाअक्का दारात उभी राहून मला बजावी, "भाऊ, हयूहयू वढ. तोडू नको." किडा सबंध निघाला त्या दिवशी यमुनाबाईने मला भाऊ मानले आणि माझ्यावर तिचा जो विश्वास बसला तो अखेरपर्यंत हलला नाही. पायऱ्या बुजवायला गाव तयार नव्हते. आबा तर म्हणाले, "पानीले कोठडीमा घालस का रे तू?" पण यमुनाबाईने घरोघर जाऊन बायकांना आपला पाय दाखवला. "हाई दखा. तुमले असं पाहिजे का?" एवढेच म्हणायची. माझ्या दहा व्याख्यानांनी जे झाले नाही ते त्या पायावरच्या व्रणाने झाले. विहीर बांधली गेली.

नकाशाप्रमाणे आत भिंतीला लोखंडी कड्या बसवल्या होत्या. वर्षातून एकदा गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून वरपासून पाण्यापर्यंत एकाखाली एक. आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मी मुद्दाम करून घेतला होता, कुठे खोबण नको म्हणून. पहिला पाऊसकाळ गेला, विहीर भरली, आणि एका फेरीला यमुनाबाईने मला बाजूला बोलावून सांगितले, "भाऊ, पोरे कड्या धरीसन उतरतस. बठ्ठा पानीमा डुंबतस. एकना पायले फडकं व्हतं."

पायाला फडके म्हणजे नारू. माझे डोके फिरले. दोन वर्षांची मेहनत त्या फडक्याने पाण्यात घातली असे वाटले. मी तालुक्याहून गवंडी आणला आणि छिन्नीने कड्या कापायला लावल्या. सगळ्या. नकाशात त्या होत्या, कापायचा अधिकार मला नव्हता, वर विचारले नाही.

भिका आबा कठड्याला टेकून पाहत होते. म्हणाले, "भाऊ, खालन्या दोन तरी ऱ्हाऊ दे. पडना मानूस ते धरी काय?"

मी म्हणालो, "आबा, छातीएवढा कठडा आहे. पडेल कोण?"

"पानी शे भाऊ. पडनारच."

"दोन ठेवल्या तर पोरे दोर लावून तिथपर्यंत जातील. तुम्हीच जाल आधी!"

लोक हसले. आबाही हसले. यमुनाबाईही तिथेच होती. ती म्हणाली, "भाऊ सांगस ते बराबर शे." त्या वेळी मला फार बरे वाटले होते.

माझी चूक मला फार उशिरा नीट कळली. मी शहरातली विहीर खेड्यात नेऊन बसवली, पण शहरातली भीती काही नेता आली नाही. धुळ्यात कोणी आडात पडले तर अख्खी आळी आरडत-ओरडत दोर घेऊन धावते, कारण पडलेला मेलाच असे सगळे धरून चालतात. या गावाची रीत पायऱ्यांवर बेतलेली होती. पायऱ्या गेल्या, कड्या गेल्या, रीत तशीच राहिली. पडलेला आपला आपण वर येईल, असे गावाला वाटत राहिले.

पुढच्या कार्तिकात ते घडले. वेचणीचे दिवस, सगळे गाव शेतात. यमुनाबाई शेतावर भाकरी घेऊन जायच्या आधी दोन हंडे भरायला विहिरीवर आली. कप्पीच्या खाचेतून दोर निसटला की तो चाकाच्या बाजूला अडकून बसतो, आणि खालून कितीही झटके दिले तरी सुटत नाही. कप्पीच्या विहिरीवर हे रोजचे. मग बायका कठड्यावर चढतात, एका हाताने खांब धरतात आणि दुसऱ्या हाताने दोर खाचेत बसवतात. मी शंभरदा रागावलो होतो. यमुनाबाई तशी चढली असणार. दोर सुटला आणि ती आत गेली.

जनाअक्काचे घर विहिरीला लागूनच. ती चुलीपुढे भाकरी करत होती. तिने धप्प आवाज ऐकला. भिका आबा तासाभराने पाण्याला आले तेव्हा त्यांना कठड्यावर हंडा दिसला, दोर दिसला नाही. सत्तरीचा तो माणूस बैलगाडीचा सोल, म्हणजे जाड दोर, बांधून त्याच्यावरून खाली उतरला. पण तेव्हा उतरून उपयोग नव्हता.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळाला. मी पोचलो तेव्हा पंचनामा चालला होता. मी कठड्यावरून आत वाकून पाहिले. पाणी वरून दोन पुरुष खोल. पाण्यालगत गिलाव्यावर नखांचे ओरखडे होते, चारही अंगांनी. ती विहिरीभोवती पोहत फिरली होती, धरायला काही मिळते का बघत. एका जागी गवंड्याने कडी पुरती कापली नव्हती, बोटभर खुंट राहिला होता. तिथे भिंतीवर ओरखडे सर्वांत जास्त होते. नवीन गिलावा, सगळे स्वच्छ दिसत होते.

पोहता येणारी बाई होती ती. भोपळ्यावर आबांनी शिकवलेली नसेल, तिच्या माहेरी कोणी शिकवलेली असेल, पण उत्तम पोहायची. न पोहता येणारी असती तर पडताच संपली असती. ही किती वेळ पोहली, याचा हिशेब मी करायचा नाही असे अनेकदा ठरवले आहे.

पोलीस पाटलांनी लिहिले, कठड्यावरून पाय घसरून पाण्यात पडून मयत. मग माझ्याकडे पाहून विचारले, "साहेब, तुमचं काही सांगणं?"

नोकरी पक्की व्हायची होती. घरी दोन लेकरे होती. ही कारणे लिहितो आहे ती कारणे म्हणून, समर्थन म्हणून नव्हे. मी म्हणालो, "काही नाही."

भिका आबा समोर बसले होते. कड्यांबद्दल एक शब्द ते बोलले नाहीत. गावात कोणीच बोलले नाही. नारू काढणाऱ्या माणसाला गावाने सांभाळून घेतले, आणि मी सांभाळून घेऊ दिले.

पण दोष कुठेतरी जातोच. तो गेला जनाअक्काकडे. तिने स्वतःच छाती बडवत सांगितले होते, "धप्प वाजनं, अन् माले हासू ऊनं. मी म्हनं, पडी वाटतं यमुना. ई आते वल्ली व्हईसन." बस्स. सून पडली आणि सासू हसली, एवढेच लोकांच्या तोंडी राहिले. खानदेशात काय आणि कुठे काय, सासूबद्दल वाईट बोलायला लोकांना फार पुरावा लागत नाही. तिच्या मुलाने, यमुनाबाईच्या नवऱ्याने, तिच्याशी बोलणे टाकले. एका घरात, एका चुलीवर, बोलणे नाही. तो शेतातून येई, अक्का ताट ठेवी, तो जेवून उठे.

मला हे सगळे माहीत होते. मी महिन्याला त्या गावात जात होतो. तीन आठवड्यांच्या आत मी अकराही विहिरींना कड्या आहेत की नाहीत पाहिले, या विहिरीला नवीन बसवून घेतल्या आणि अहवालात लिहिले, "साफसफाईची सोय केली." दोन वर्षांत गावातला नारू नाहीसा झाला. वरून शाबासकीचा कागद आला, तो मी घेतला. अक्काच्या घरावरून जाताना मात्र सायकलची घंटी वाजवत नसे. एक वाक्य बोलायचे होते मला, तिच्या मुलासमोर. 'पूर्वीच्या रीतीप्रमाणे ती हसली, कारण पूर्वी वर येता येत होते. आता येत नव्हते ते माझ्यामुळे.' हे वाक्य मी सायकलवर शेकडो वेळा म्हटले. उतरून एकदाही नाही.

माझी बदली धुळ्याला झाली तेव्हा मात्र राहवले नाही. हुकूम हातात पडल्यावर मी त्या गावी गेलो. मुलगा ओट्यावर दोर वळत बसला होता. अक्का उंबऱ्याच्या आत सुपात डाळ निवडत होती. दोघांच्या मध्ये चार हात अंतर असेल. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. कड्या नकाशात होत्या. मी कापायला लावल्या. आबांनी दोन ठेवायला सांगितले, मी ऐकले नाही. कड्या असत्या तर यमुनाबाई आपली आपण वर आली असती. पंचनाम्यात मी हे सांगितले नाही. अक्काचा यात काही दोष नाही.

मुलाचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने आईकडे बघितले, कितीतरी दिवसांनी बघितले असणार. मला वाटले, उशिरा का होईना, झाले. अक्काच्या डोक्यावरचे उतरले. मी थोडासा मोकळाही झालो, खोटे कशाला बोलू.

अक्काने डाळीचे सूप बाजूला ठेवले. म्हणाली, "भाऊ, तू सांगं ते बरं कयं. आते मी बी सांगस. हाई मी आजपावत कोनले सांगेल नही."

मग ती मुलाकडे न बघता, माझ्याकडेही न बघता बोलली.

"तिनी हाक मारी व्हती. दोनदा. 'अक्का', अशी. घाबरीसन नही, नेहमीसारखी. मना हात पिठाना व्हतात, भाकर तवावर व्हती. मी आठेन वरडनू, 'येस वं, येस.' मंग ती परत हाक मारी नही. माले वाटनं, निंघनी व्हई वर. तिले वाटनं, अक्का ई ऱ्हायनी."

मुलगा उठला आणि घराबाहेर निघून गेला.

मी तिथेच खाली बसलो. अक्काने सूप पुन्हा ओढून घेतले. यमुनाबाईने तिसरी हाक मारली नाही, कारण 'येते' असे सांगणाऱ्या माणसाला पुन्हा हाक मारायची नसते, एवढी ती भली होती. कड्या कापताना तिने मला बरोबर म्हटले होते ते याच भलेपणाने. तिचा आम्हा दोघांवर विश्वास होता. त्या विश्वासावर ती जितका वेळ पोहता येईल तितका वेळ पोहली.